जुन्या गाडीच्या एसीत गॅस भरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक संवाद दरवर्षी ठरलेला. "एसी गार करत नाही हो." "गॅस संपला असेल, भरून घ्या." माझी स्वतःची हॅचबॅक २००४ची आहे आणि मीही सलग तीन मार्च महिने हाच सल्ला ऐकून पैसे मोजले. त्यानंतर मात्र गाडीच्या बोनेटखाली काय चालतं ते नीट समजून घेतलं. शेजारी, मेहुणे आणि ऑफिसातले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं आहे. साधारण दहा ते पंचवीस वर्षं वयाच्या, एसीत आर-१३४ए हा गॅस असणाऱ्या गाड्या डोळ्यांपुढे आहेत. त्याहून जुन्या गाड्यांचं पुढे वेगळं सांगितलं आहे.

एसीचा गॅस दरवर्षी संपतो का?

नाही. पेट्रोल जळतं म्हणून संपतं. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, वापरला जात नाही. रहाटगाडग्याच्या पोहऱ्यासारखा तो बंद नळ्यांतून गोल फिरत राहतो: डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये केबिनमधली उष्णता उचलतो, कॉम्प्रेसर (इंजिनवर चालणारा पंप) त्याला दाबून पुढे ढकलतो, गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये तो ती उष्णता बाहेर टाकतो आणि परत येतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेर गेला आहे.

रबरी पाइप आणि कॉम्प्रेसरच्या पुढच्या सीलमधून वर्षाला काही ग्रॅम झिरपतो, हे खरं. त्यामुळे आठ-दहा वर्षं हात न लावलेल्या गाडीत थोडा गॅस कमी निघाला तर त्यात नवल नाही. पण मार्चमध्ये भरलेला गॅस पुढच्या मार्चपर्यंत टिकत नसेल, तर ती सर्व्हिसिंगची बाब नाही, ती गळती आहे.

मग गळतो कुठून?

जागा ठरलेल्या आहेत. जुन्या गाडीत मी पुढील क्रमाने संशय घेईन.

सर्वांत आधी सर्व्हिस व्हॉल्व्ह, म्हणजे जिथे गॅसचा पाइप जोडतात ती जागा. आत ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखी बारीक पिन असते. वरची प्लास्टिकची टोपी आपण फालतू समजतो, गॅरेजमध्ये ती हरवते, तिथे धूळ बसते आणि पिन नीट बसेनाशी होते. माझी तीन वर्षांची गळती इथेच होती. तीन वेळा गॅस भरणाऱ्या गॅरेजने ती पाहिलीच नाही. चौथ्या ठिकाणी एका वयस्कर मिस्त्रींनी बोटाला साबणाचा फेस लावून व्हॉल्व्हवर धरला आणि म्हणाले, "हे बघा, बुडबुडा." पिन बदलायला दोन मिनिटं लागली.

दुसरी जागा जोडांमधल्या ओ-रिंग. इंजिनच्या उष्णतेने रबर कडक होतं, चपटं होतं. या रिंग साध्या नळाच्या वॉशरसारख्या नसतात. गॅस आणि त्यातलं तेल सोसणाऱ्या रबराच्याच घ्याव्या लागतात आणि बसवताना त्यांना एसीच्या तेलाचा हात लावावा लागतो.

तिसरी जागा कंडेन्सर. तो रेडिएटरच्या पुढे, थेट वाऱ्याच्या तोंडी असतो. हायवेवरचा एक खडाही पुरेसा होतो. कोकणात खाऱ्या हवेने त्याचं ॲल्युमिनियम पांढरं पडून पोखरतं. रत्नागिरी-मालवणकडच्या गाड्यांत हे पहिल्या क्रमांकावर धरा.

चौथी कॉम्प्रेसरच्या शाफ्टची सील. कॉम्प्रेसरच्या क्लचच्या (त्याला पुलीशी जोडणाऱ्या चकतीच्या) मागे तेलकट, धुळीने काळी झालेली कड दिसली की समजावं. एसीच्या नळीवर कुठेही तेलाचा डाग म्हणजे गळतीची सही, कारण गॅस जाताना सोबत थोडं तेल घेऊन जातो.

आणि पाचवी, सगळ्यांना नको असलेली: कूलिंग कॉइल. ती डॅशबोर्डच्या आत, ओलसर अंधारात बसलेली असते. तिच्यावर धूळ आणि पाणी यांचा चिखल होतो आणि ॲल्युमिनियमला बारीक छिद्रं पडतात.

गार करत नाही म्हणजे गॅसच कमी, असं धरायचं का?

धरू नका. गॅरेजला जाण्याआधी घरीच पाच मिनिटं द्या. एसी चालू करून बोनेट उघडा. कॉम्प्रेसरच्या पुलीच्या पुढची चकती फिरते का बघा. बटण दाबल्यावर "टक्" आवाज येऊन ती पुलीला चिकटली पाहिजे. चिकटतच नसेल तर फ्यूज, रिले, वायर किंवा क्लचची कॉइल यांपैकी काहीतरी असू शकतं. गॅस पूर्ण गेला असेल तरीही असंच होतं, कारण दाब फार कमी असला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही. दर काही सेकंदांनी टक्-टक् करत लागते आणि सुटते असं असेल, तर गॅस कमी असल्याची शक्यता खरोखर बरीच.

मग पंखा. कंडेन्सरचा पंखा एसी लावताच किंवा थोड्या वेळात सुरू झाला पाहिजे. हायवेला छान गार आणि सिग्नलला गरम, अशी तक्रार असेल तर आधी हा पंखा तपासा. गाडी पळताना पंख्याचं काम वारा करतो, थांबल्यावर ते पंख्यालाच करावं लागतं.

नंतर कंडेन्सरच्या जाळीत अडकलेली माती, चिंध्या, पाखरं. पाण्याचा साधा पाइप लावून धुतल्यावर जीव आलेले एसी मी पाहिले आहेत. प्रेशर वॉशरचं तोंड मात्र जवळ धरू नका, पत्रे दुमडतात.

वारा गार आहे पण कमी येतो? मग गॅसचा काही संबंध नाही. केबिन फिल्टर तुंबला असेल, किंवा जुन्या गाडीत फिल्टरच नसल्याने सगळा कचरा कूलिंग कॉइलवर जमला असेल. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल तर त्याचा रेझिस्टर गेला.

एक कारण जुन्या गाड्यांत हमखास सुटतं: हीटरची नॉब. तिची केबल सैल होऊन गरम कूलंटचा मार्ग थोडा उघडा राहिला, की एसी गार करतो आणि हीटर तापवतो. दोघांची कुस्ती चालू असते आणि आपण गॅस भरत बसतो.

गेज लावल्यावर मिस्त्री काय बघतो?

गेज म्हणजे दाब मोजायचं साधन; त्याला दोन घड्याळं असतात. निळं लो साइडचं (कॉम्प्रेसरकडे येणारी कमी दाबाची बाजू), लाल हाय साइडचं (त्यातून निघणारी जास्त दाबाची बाजू). साध्या छोट्या गाडीत एसी चालू असताना लो साइड साधारण २५ ते ४५ पीएसआय (दाबाचं एकक) आणि हाय साइड १५० ते २५० पीएसआयच्या पट्ट्यात असते. बाहेर जितकं ऊन, तितके आकडे वर. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या दुपारचा आकडा आणि महाबळेश्वरच्या सकाळचा आकडा एकसारखा असूच शकत नाही.

खरी गंमत दोन्ही आकडे एकत्र वाचण्यात आहे. दोन्ही कमी असतील तर बहुधा गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर गॅस जास्त भरला आहे किंवा कंडेन्सरची उष्णता बाहेर पडत नाही, म्हणजे पुन्हा पंखा किंवा माती. लो जास्त आणि हाय कमी असेल तर कॉम्प्रेसर थकलाय. अशा वेळी गॅस भरून काहीही होणार नाही. लो साइड हळूहळू शून्याखाली जाऊ लागली तर कुठेतरी मार्ग अडला आहे. बहुतेक वेळा एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये (कूलिंग कॉइलच्या आधी गॅस बारीक छिद्रातून सोडणारा भाग) कचरा असतो किंवा ओलावा गोठलेला असतो.

एसी बंद असताना गेज लावून "बघा, शंभर पीएसआय आहे, गॅस फुल आहे" असं कोणी सांगितलं, तर हसून सोडून द्या. बंद एसीतला दाब फक्त तापमान सांगतो. ३० अंशांना आर-१३४एचा दाब ९५ पीएसआयच्या थोडा वर असतो. मग आत ५०० ग्रॅम असो की १५०, थोडाही द्रव शिल्लक असेतो आकडा तोच. घरातल्या गॅस सिलिंडरचा शेगडीवरचा जाळ शेवटपर्यंत सारखा राहतो आणि मग एकदम जातो ना, तसंच.

टॉप-अप करून घ्यावं की पूर्ण गॅस काढून नव्याने भरावा?

जुन्या गाडीत पूर्ण काढून, वजन करून भरलेलाच बरा. टॉप-अप करताना आधी आत किती आहे हे कोणालाच माहीत नसतं. शिवाय गळतीच्या वाटेने हवा आणि ओलावा आत गेला असेल, तर टॉप-अप त्यावरच गॅस चढवतो. हवा गॅससारखी द्रव होत नाही. ती कंडेन्सरमध्ये जागा अडवून बसते, दाब वाढवते आणि थंडावा खाते.

आजच नाशिकहून नागपूरला निघायचंय आणि मुलं मागे बसणार आहेत, अशा वेळी टॉप-अप केला तर मी नावं ठेवणार नाही. पण ते दुखण्यावर बाम चोळणं झालं.

गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम इतका वेळ का मारतात? गॅरेजवाला दहा मिनिटांत उरकतो.

व्हॅक्यूम पंप फक्त हवा काढत नाही, पाणी उकळवतो. दाब पुरेसा खाली आणला की पाणी २५ अंशांच्या आसपासच उकळून वाफ होतं आणि पंपावाटे निघून जातं. त्याला वेळ लागतो. अर्धा तास तरी हवाच, आणि सिस्टिम बरेच दिवस उघडी पडली असेल किंवा पावसाळा असेल तर पाऊण-एक तास. ओलावा आत राहिला तर तो दोन प्रकारे सूड उगवतो. एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात बर्फ होऊन बसतो, मग एसी वीस मिनिटं गार, मग गरम, मग पुन्हा गार असा चालतो. आणि दीर्घकाळात गॅस-तेलाशी मिळून आम्ल तयार करतो, जे धातू आतून खातं.

पंप बंद केल्यावर गेजचा काटा पंधरा-वीस मिनिटं जागेवर राहिला पाहिजे. काटा वर सरकला तर गळती आहे, किंवा अजून पाणी उकळतंय. मात्र व्हॅक्यूम टिकला म्हणजे गळती नाहीच असं समजू नका. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा आत ढकलत असते, जेमतेम १५ पीएसआयने. एसी चालू असताना आतला दाब बाहेर ढकलतो, तोही २००च्या वर. काही जोड आतल्या दिशेने घट्ट आणि बाहेरच्या दिशेने ढिले असतात. म्हणून आधी कोरडा नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघावं आणि सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावावा. जे गॅरेज नायट्रोजनचा सिलिंडर बाळगतं, तिथे माझा निम्मा विश्वास दारातच बसतो.

आमच्या पुण्यातल्या गॅरेजमध्ये काटा २८च्या पुढे जातच नाही. पंप खराब आहे का?

नाही, पुणे उंचावर आहे. समुद्रसपाटीला पारा जवळपास ३० इंच व्हॅक्यूम दाखवू शकतो, कारण डोक्यावर तेवढी हवा आहे. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. पुणे साडेपाचशे मीटरच्या वर, म्हणजे अठराशे फुटांच्या पुढे, म्हणून तिथे २८ म्हणजे जवळपास पूर्ण व्हॅक्यूम. मुंबईत मात्र २८वर अडकला तर पंपाचं तेल बदलायला सांगा.

माझ्या गाडीत किती गॅस लागतो?

बोनेटच्या आतल्या बाजूला किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर स्टिकर असतं. त्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅममधलं वजन लिहिलेलं असतं. स्टिकर उडालं असेल तर गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. छोट्या हॅचबॅकमध्ये साधारणतः ४०० ते ६०० ग्रॅम लागतो, मागच्या सीटसाठी वेगळा एसी असलेल्या मोठ्या गाड्यांत बराच जास्त.

सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून भरलेला गॅस हाच खरा. पाइपला हात लावून "आता गार लागतंय, बस" ही पद्धत अनुभवी हातांत बरी चालते, नवख्या हातांत कॉम्प्रेसर घालवते. ५०० ग्रॅमच्या सिस्टिममध्ये १०० ग्रॅम इकडेतिकडे म्हणजे वीस टक्के. भाजीत मीठ वीस टक्के जास्त पडलं तर चालवून घेता येतं, इथे नाही.

थोडा जास्त भरला तर जास्त गार होईल ना?

उलट. जास्तीचा गॅस कंडेन्सरमध्ये द्रव होऊन जागा व्यापतो, हाय साइडचा दाब वाढतो, कॉम्प्रेसर इंजिनला ओढतो, आणि थंडावा कमी होतो. ८०० ते १००० सीसीच्या गाडीत हे लगेच जाणवतं. एसी लावला की गाडी दमेकऱ्यासारखी चालते.

तेलाचं काय? कोणी बोलतच नाही.

म्हणूनच बरेच कॉम्प्रेसर जातात. कॉम्प्रेसरचं वंगण गॅससोबत सगळीकडे फिरतं. गळतीत गॅसबरोबर तेलही जातं आणि प्रत्येक मार्चमध्ये फक्त गॅस भरत राहिलो तर कॉम्प्रेसर हळूहळू कोरडा पडतो. आर-१३४एच्या बहुतेक गाड्यांत पीएजी तेल लागतं. त्याचे ४६, १०० असे जाडीचे प्रकार असतात. तुमच्या कॉम्प्रेसरला कोणता, हे त्याच्या लेबलवर किंवा मॅन्युअलमध्ये बघा.

हे तेल हवेतलं पाणी भराभर शोषतं. जुलै महिन्यात कल्याणच्या गॅरेजमध्ये आठवडाभर उघडी पडलेली बाटली कितीही महागाची असली तरी तुमच्या गाडीत ओतू देऊ नका. आणि तेलही मोजूनच, कारण जास्त झालं तर कूलिंग कॉइलला आतून थर बसतो आणि थंडावा घटतो.

माझी गाडी फारच जुनी आहे. तिच्यात आर-१२ हा जुना गॅस असेल का?

असू शकतो. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की सीएफसी वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८७मध्ये माँट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ला सामील झाला. मोलिना आणि रोलंड यांना पॉल क्रुटझेन यांच्यासह १९९५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आर-१२ हा या सीएफसी घराण्यातलाच. भारतात २००० सालच्या नियमांनी सीएफसीवर बंधनं आली आणि पुढे त्याचं उत्पादनही थांबलं. म्हणजे नव्वदच्या दशकातली एसीवाली मारुती ८००, पद्मिनी किंवा अँबॅसिडर जपून ठेवली असेल तर हा प्रश्न खरोखर विचारावा लागेल.

ओळख सोपी आहे. आर-१२च्या सर्व्हिस व्हॉल्व्हला बाहेरून आटे असतात, पाइप स्क्रूसारखा फिरवून बसतो. आर-१३४एचे व्हॉल्व्ह गुळगुळीत, खटकन बसणारे, आणि लो-हायचे आकार वेगवेगळे. पण मधल्या वीस-पंचवीस वर्षांत कोणी जुन्याच व्हॉल्व्हवर नवा गॅस भरला असण्याचीही शक्यता आहे, त्यामुळे आधीच्या मालकाला विचारलेलं बरं.

आर-१२च्या सिस्टिममध्ये सरळ आर-१३४ए भरला तर?

थोडे दिवस गार करेल आणि मग कॉम्प्रेसर ओरडायला लागेल. आर-१२सोबत खनिज तेल चालतं. ते आर-१३४एत विरघळत नाही. गॅस फिरतो, तेल कोपऱ्यात बसून राहतं.

नीट करायचं तर जुनं तेल शक्य तितकं धुऊन काढायचं, नवं पीएजी किंवा एस्टर तेल घालायचं, ड्रायर बदलायचाच (जुन्या ड्रायरमधले ओलावा शोषणारे खडे नव्या गॅससाठी बनलेले नसतात), सगळ्या ओ-रिंग बदलायच्या आणि नवे व्हॉल्व्ह बसवायचे. गॅस मूळ वजनाच्या ८० ते ९० टक्केच लागतो. आर-१३४एचा रेणू लहान असल्याने जुन्या रबरी पाइपांतून जास्त झिरपतो, म्हणून पाइपही बदलता आले तर उत्तम. मूळचा कंडेन्सर नव्या गॅसला थोडा अपुरा पडतो. मोठा पंखा लावला तर फरक पडतो.

हे सगळं करून बारा वाजता उन्हात उभ्या गाडीत फ्रिज उघडल्यासारखं होईल, अशी अपेक्षा मात्र नको. विंटेज रॅलीला जाताना घाम येणार नाही इतपत होतं.

कुणी "स्वस्तातला गॅस" भरून देतो म्हणतंय. चालेल?

त्या स्वस्तातल्या गॅसमध्ये अनेकदा ब्युटेन-प्रोपेन असतं, म्हणजे सरळ स्वयंपाकाच्या गॅसचे भाऊबंद. गार करतात, नाकारत नाही. पण ज्या सिस्टिममधून आर-१३४ए गळतो तिथून हाही गळणार, आणि कूलिंग कॉइल तर तुमच्या पायांपुढे आहे. बंद काचा, आत साचलेला ज्वलनशील वायू आणि एखादी ठिणगी, एवढं पुरेसं आहे.

बनावट आर-१३४ए हा वेगळाच धोका. २०११ साली जहाजांनी माल नेणाऱ्या रेफ्रिजरेटेड कंटेनरचे स्फोट होऊन व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये कामगार मेले. त्यांत भरलेल्या नकली गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड होतं. त्याची ॲल्युमिनियमशी क्रिया होऊन हवेत आपोआप पेट घेणारं रसायन तयार होतं. गाडीचा एसीही ॲल्युमिनियमचाच असतो. सिलिंडरचं सील आणि लेबल तुमच्या समोर उघडायला सांगा. त्यात कोणाला राग येण्यासारखं काही नाही.

लीक बंद करणारं केमिकल मिळतं. ते घालावं का?

मी घालणार नाही. ते एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातही जातं आणि गॅरेजच्या मशीनमध्येही.

घरीच कॅन आणून भरता येईल का?

साधारण ४५० ग्रॅमचे कॅन मिळतात, गेजवाला पाइपही मिळतो. ज्याच्याकडे पूर्ण गेज सेट, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आहे त्याने खुशाल करावं. ज्याच्याकडे फक्त कॅन आहे, त्याने नाही.

तरीही करणारच असाल तर हे नियम मोडू नका. चष्मा आणि हातमोजे घाला. आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. इंजिन चालू असताना कॅन फक्त लो साइडलाच जोडायचा. चुकून हाय साइडला जोडलात तर २०० पीएसआयचा दाब उलटा कॅनमध्ये येईल आणि कॅन फुटेल. कॅन उभाच धरा. उलटा केला की द्रव आत जातो आणि कॉम्प्रेसरला द्रव दाबता येत नाही. गॅस लवकर जात नाही म्हणून कॅन कोमट पाण्यात ठेवा, लायटर-स्टोव्हजवळ नेऊ नका. आणि गॅस बाहेर आला असेल तिथे विडी-सिगारेट नको. ज्वाळेत या गॅसचं विषारी आम्ल होतं.

कूलिंग कॉइलच गळतेय. डॅशबोर्ड उघडायचा म्हणतात. करू का?

हा खरा भावनिक प्रश्न आहे. काही जुन्या गाड्यांत कॉइलचा डबा डाव्या बाजूच्या ग्लोव्ह बॉक्समागून सरळ निघतो, अर्ध्या दिवसाचं काम. काहींत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि पंधरा वर्षं उन्हात भाजलेलं प्लास्टिक परत तसंच बसत नाही. नंतर आयुष्यभर कुठून तरी किरकिर येत राहते. म्हणून उघडण्याआधी गळती तिथलीच आहे याची खात्री हवी. इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टरचं टोक एसीचं पाणी बाहेर पडतं त्या नळीच्या तोंडाशी धरून बघतात. गॅस हवेहून जड, तो तिथून खाली उतरतो.

उघडलंच तर कॉइलसोबत एक्सपान्शन व्हॉल्व्ह आणि ओ-रिंगही बदला. कॉइलला वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा. एक छिद्र बुजतं, शेजारचं उघडतं. पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण करून घेतलं असेल आणि गाडी आणखी पाच वर्षं ठेवायची असेल, तर नवी कॉइल परवडते. वर्षभरात विकायची असेल तर काचा खाली करा.

ड्रायर प्रत्येक वेळी बदलायचा का?

सिस्टिम उघडी पडली असेल, कॉम्प्रेसर किंवा कॉइल बदलली असेल, तर हो. नुसती पिन बदलून लगेच गॅस भरला असेल तर गरज नाही.

नव्या गाड्यांतला गॅस जुन्या गाडीत चालेल का?

युरोपात २०१७पासून नव्या कारमध्ये आर-१३४ए चालत नाही. तिकडे आणि अमेरिकेत बहुतेक नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. हवेत गेलेला आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक पृथ्वीचं तापमान वाढवतो, नवा गॅस जेमतेम कार्बन डायऑक्साइडइतकंच. पण तो बराच महाग आणि किंचित ज्वलनशील आहे, व्हॉल्व्हही वेगळे. दोन गॅस एकत्र करू नका. भारतानेही २०२१मध्ये माँट्रियल कराराची किगाली दुरुस्ती मान्य केली असून आर-१३४एसारख्या एचएफसी गॅसची कपात आपल्याकडे २०३२पासून टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. तेव्हा आर-१३४ए उद्या मिळेनासा होईल अशी भीती नको. पण हजारपटीचा आकडा लक्षात घेतला, तर "आधी आहे तो हवेत सोडून देतो" असं म्हणणाऱ्या गॅरेजपेक्षा जुना गॅस काढून साठवणारं मशीन असलेलं गॅरेज केव्हाही चांगलं.

डाव्या सीटच्या पायाशी पाणी येतं. गॅस गळतोय का?

नाही, ते हवेतलं पाणी आहे. ते गाडीखाली टपकायला हवं. ते बाहेर सोडणारी नळी तुंबली की आत येतं. नळीत खालून हवा मारली की सुटतं. गाडीखाली थेंब थेंब पाणी पडत असेल तर एसी काम करतोय, आनंद माना.

घाटात एसी बंद करावा का?

इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला तर लगेच. कसारा किंवा आंबा घाटात, मे महिन्यात, चार माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन चढताना जुन्या छोट्या इंजिनाला कॉम्प्रेसरचं ओझं जाणवतंच. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असल्याने रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. काटा स्थिर असेल तर मात्र उगाच घामाघूम होऊ नका.

थंडीत एसी महिनोन्‌महिने बंद ठेवला तर?

शाफ्टची सील तेलावाचून सुकते आणि फेब्रुवारीत गळायला लागते. आठवड्यातून दहा मिनिटं चालवा. पावसाळ्यात तर काचेवरचं धुकं घालवायला तो लागतोच.

उभ्या गाडीत एसी लावून झोपलं तर चालेल?

नाही. जुन्या गाडीचा सायलेन्सर गळका असला तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो आणि त्याला वास नसतो. बंद गॅरेजमध्ये किंवा बेसमेंट पार्किंगमध्ये तर मुळीच नाही.

गॅस भरून झाल्यावर गॅरेजमधून निघण्याआधी काय बघू?

स्वयंपाकघरातला काडीचा थर्मामीटर खिशात न्या. दारं-काचा बंद, ब्लोअर मधल्या नंबरवर, रिसर्क्युलेशन चालू, इंजिन पंधराशे आरपीएमच्या आसपास. दहा मिनिटांनी मधल्या जाळीतल्या हवेचं तापमान बघा. सावलीत ३५ अंश असताना १० अंशांच्या आसपास आलं तर जुन्या गाडीसाठी छान. तो आकडा तारखेसह डायरीत लिहून ठेवा. पुढच्या मार्चला "गार करत नाही" असं वाटलं की आधी पुन्हा मोजा. उन्हात तापलेल्या गाडीत बसून पहिल्या दोन मिनिटांत दिलेला निकाल कुठल्याच एसीच्या बाजूने लागत नाही.

बिलावर चार गोष्टी लिहून घ्या: गॅसचं नाव, किती ग्रॅम भरला, किती तेल घातलं, आणि गळती कुठे सापडली. भाव दर उन्हाळ्यात बदलतो, पण हा चौथा रकाना कोरा असेल आणि गाडीत गॅस कमी निघाला होता, तर पैसे देण्याआधी तिथेच विचारा. आणि निघताना दोन्ही व्हॉल्व्हच्या टोप्या जागेवर आहेत का, ते स्वतः बोट लावून बघा.